यादी तयार आहे, पण निर्णय कुठे आहे?

पत्र

आमची संस्था गेली वीसेक वर्षं तरुण मुलामुलींना वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, एसी दुरुस्ती अशा कामांचं प्रशिक्षण देते. तीन केंद्रं आहेत. मी कार्यक्रमप्रमुख आहे. पुढच्या तीन वर्षांचा आराखडा करायचा म्हणून कार्यकारिणीने स्वॉट, म्हणजे संस्थेची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांची चार चौकटींत मांडणी, करायला सांगितलं आणि ते काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना एक दिवस एकत्र बसवलं, चार फ्लिपचार्ट लावले, चर्चाही छान झाली. आता माझ्यासमोर ६४ मुद्दे आहेत आणि त्यांचं काय करायचं ते कळत नाही. 'अनुभवी प्रशिक्षक' हे बलस्थानांत आहे आणि 'प्रशिक्षक टिकत नाहीत' हे उणिवांत. ऑनलाइन कोर्स काहींनी संधी म्हणून लिहिले, काहींनी धोका म्हणून. आमचा निम्म्याहून जास्त खर्च एकच देणगीदार उचलतो, त्यांचा करार पुढच्या वर्षी संपतोय; हा मुद्दा धोक्यांच्या यादीत सतरावा आहे. दुसऱ्या केंद्रातली मुलं बाकी दोन केंद्रांपेक्षा लवकर कामाला लागतात. तिथले समन्वयक दर आठवड्याला वर्कशॉपवाल्यांना फोन करतात, त्यामुळे असेल कदाचित. पण हे कुठल्या चौकटीत बसवायचं ते समजलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. आमच्याकडे लहानसहान निर्णयही संस्थापक सरांच्या होकारासाठी थांबतात. सर फार चांगले आहेत, संस्था त्यांनीच उभी केली. पण नव्या कोर्सचा प्रस्ताव महिनोन्‌महिने पडून राहतो. मधल्या सुट्टीत सगळे हेच बोलत होते, चार्टसमोर मात्र सगळे गप्प. महिन्याभरात अहवाल द्यायचा आहे. हे मी लिहू का? आणि लिहायचं तर कसं?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींपाशी मी थांबले. निम्मा खर्च उचलणाऱ्या देणगीदाराचा करार संपतोय, एका केंद्रातली मुलं लवकर कामाला लागतात आणि निर्णय एकाच माणसापाशी अडतात. संस्थेची पुढची तीन वर्षं कशी जाणार, हे बऱ्याच अंशी या तिन्हींवर ठरेल. त्यांतली एक यादीत सतराव्या क्रमांकावर आहे आणि दोन यादीतच नाहीत. म्हणजे महत्त्वाची माहिती तुमच्याकडे आहे, ती कागदावर आली नाही एवढंच. त्यामुळे हताश होण्याचं कारण नाही. मात्र ६४ मुद्दे नीट टाइप करून, रंगीत तक्त्यात घालून कार्यकारिणीपुढे ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा.

असं अनेकांचं होतं. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या २० कंपन्यांच्या स्वॉटचा अभ्यास प्रसिद्ध केला. याद्यांमध्ये सरासरी ४० हून जास्त मुद्दे होते. बरेचसे मोघम होते, कशालाच अग्रक्रम नव्हता आणि एकही मुद्दा खरा आहे का हे कोणी तपासलं नव्हतं. सर्वांत वाईट गोष्ट ही, की पुढे धोरण ठरवताना त्या याद्या कोणीच वापरल्या नाहीत. यातल्या कित्येक याद्या सल्लागार कंपन्यांच्या मदतीने केलेल्या होत्या. तेव्हा तुमची मीटिंग चुकली असं समजू नका. चौकटी भरल्या की काम झालं, असं या पद्धतीत फार सहज वाटतं.

सुरुवातीला ती अशी नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दीर्घकालीन नियोजनाचं काम चालायचं. तिथे तिचं आधीचं रूप तयार झालं. तेव्हा चौकटी होत्या समाधानकारक बाबी, संधी, दोष आणि धोके, आणि प्रत्येकीला एक क्रियापद जोडलेलं होतं. जे बरं चाललंय ते जपायचं, संधीला दार उघडायचं, दोष दुरुस्त करायचा, धोका परतवायचा. म्हणजे मुद्दा लिहितानाच 'मग करायचं काय?' हा प्रश्न सोबत यायचा. तो प्रश्न मागे पडला आणि चौकटी तेवढ्या उरल्या.

आधी प्रश्न ठरवा

'आमच्या संस्थेचं स्वॉट' असं म्हटलं की यादी ६४ पर्यंत जाणारच. संस्थेबद्दल सुचेल ते सगळंच त्यात बसतं. इमारतीचं छत गळतं तेही आणि देशाची अर्थव्यवस्था बदलते आहे तेही. त्याऐवजी कार्यकारिणीला कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका वाक्यात लिहा. तुमच्या पत्रावरून माझ्या मते ते वाक्य असं आहे: 'मुख्य देणगीदाराचा पाठिंबा कमी झाला किंवा थांबला, तर पुढच्या तीन वर्षांत आपण किती केंद्रं, कोणते कोर्स आणि कोणाच्या पैशावर चालवणार?'

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि ६४ पैकी प्रत्येक मुद्द्याला विचारा: हा खरा ठरला तर या प्रश्नाचं आपलं उत्तर बदलेल का? बदलणार नसेल तर मुद्दा बाजूला काढा. खोडून टाकू नका, वेगळ्या कागदावर ठेवा. छताची दुरुस्ती करायचीच आहे, फक्त ती रणनीतीत येत नाही. या एका चाळणीतून निम्म्याहून जास्त मुद्दे गळतील असा माझा अंदाज आहे आणि सतरावा मुद्दा वर येईल. तो पहिलाच असायला हवा होता.

आतलं आणि बाहेरचं

बलस्थानं आणि उणिवा संस्थेच्या आतल्या. संधी आणि धोके बाहेरचे. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी संधीच्या चौकटीत हमखास घोटाळा होतो. 'मोबाइल अ‍ॅप तयार करणे', 'चौथं केंद्र सुरू करणे', 'माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेणे' असे मुद्दे तुमच्याही यादीत असणार. या संधी नाहीत, ही करायची कामं आहेत. ती चांगली असतील, पण आपण काय करायचं हे परिस्थिती पाहून झाल्यावर ठरवायचं असतं. ते आधीच चौकटीत लिहून टाकलं की ज्याला जे करायची हौस आहे तेच संधी म्हणून मांडलं जातं.

यावर एक साधी कसोटी आहे. आपली संस्था उद्या बंद झाली असं धरा. ही गोष्ट तरीही जगात असेल का? सौर पॅनेल बसवणारे किंवा विजेवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारे लोक हवेत, ही मागणी तुम्ही नसलात तरी असेल, म्हणून ती बाहेरची. 'सोलरचा कोर्स सुरू करणे' हे तुमच्याबरोबरच संपेल, म्हणून ते काम.

ऑनलाइन कोर्सचा वाद याच कसोटीने सुटतो. ऑनलाइन शिक्षण बाहेर आहेच, तुम्ही असा वा नसा. ते तुमच्यासाठी चांगलं की वाईट, हे तुम्ही नेमकं काय शिकवता यावर ठरतं. एसी दुरुस्तीच्या कोर्समध्ये रेफ्रिजरेशनचं चक्र कसं चालतं हे तासभर फळ्यावर समजावत असाल, तर तो तास धोक्यात आहे. ते मुलाला मोबाइलवर तितकंच चांगलं, कदाचित जास्त चांगलं कळेल. पण तांब्याच्या पाइपाला ब्रेझिंग करताना ज्योत किती जवळ धरायची, गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा पूर्ण निघाला का हे गेजवर कसं ओळखायचं, हे स्क्रीनवर पाहून हाताला येत नाही. म्हणून 'ऑनलाइन कोर्स' असा दोन शब्दांचा मुद्दा लिहू नका. 'थिअरीचे तास ऑनलाइन फुकट मिळू लागले आहेत, प्रात्यक्षिकाला पर्याय नाही' असं पूर्ण वाक्य लिहा. ज्यांनी संधी म्हटलं आणि ज्यांनी धोका म्हटलं, ते दोघेही या वाक्यावर सही करतील.

बलस्थान सिद्ध करावं लागतं

'अनुभवी प्रशिक्षक', 'संस्थेची प्रतिमा', 'समर्पित टीम', 'दर्जेदार शिक्षण'. असे शब्द कुठल्याही संस्थेच्या यादीत टाका, कोणाला फरक कळणार नाही. ज्या मुद्द्यावर संस्थेचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही, तो मुद्दा संस्थेबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक बलस्थानाला तीन प्रश्न विचारा. कशावरून? कोणाच्या तुलनेत? आणि म्हणून काय?

'अनुभवी प्रशिक्षक' घ्या. कशावरून? तुम्ही सांगाल की बरेच जण दहा-बारा वर्षं इथे आहेत. मग 'प्रशिक्षक टिकत नाहीत' हे कोणी लिहिलं? रजिस्टर काढा आणि प्रत्येक केंद्रात, प्रत्येक कोर्सला कोण किती वर्षं आहे ते लिहा. मला वाटतं, वायरिंगचे जुने प्रशिक्षक जागच्या जागी असतील आणि एसीचे नवे दर वर्षी सोडून जात असतील, कारण एसीचं काम येणाऱ्याला बाहेर जास्त पैसे मिळतात. तसं असेल तर दोन्ही मुद्दे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या माणसांबद्दल आहेत. आणि त्यातून काम लागेल असं वाक्य मिळतं: 'ज्या कोर्सला बाहेर सर्वांत जास्त मागणी आहे, त्याच कोर्सचे प्रशिक्षक आपण टिकवू शकत नाही.' वरवर एकमेकांना छेद देणारे मुद्दे दिसले की त्यांतला एक खोडू नका. तिथेच खणायला जा.

आता दुसऱ्या केंद्राची गोष्ट. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, मला ती पूर्ण पत्रात सर्वांत मोलाची वाटते. तिन्ही केंद्रांत कोर्स तेच, साधनं साधारण तीच, देणगीदारही तोच. तरी एकीकडची मुलं लवकर कामाला लागतात. हा तुमच्या घरातच झालेला प्रयोग आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या बॅचेस घ्या, कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी किती जण कामावर होते ते केंद्रवार काढा. फरक खरा निघाला तर समन्वयकांना भेटा आणि ते फोनवर नेमकं काय बोलतात ते ऐका. फक्त 'जागा आहे का?' असं विचारतात, की मागच्या वेळी पाठवलेला मुलगा कसा काम करतोय, त्याला काय येत नाही, हेही विचारतात? दुसरं असेल, तर मालकांची तक्रार थेट वर्गापर्यंत पोचते आणि पुढची बॅच जास्त तयार होऊन निघते. अर्थात फरकाचं कारण वेगळंही असू शकतं. त्या केंद्राच्या आसपास वर्कशॉपच जास्त असतील. म्हणून लिहिण्याआधी तपासा.

व्यवस्थापनाचे अभ्यासक जे बार्नी यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. कुठलंही साधन किंवा कौशल्य टिकाऊ आघाडी देतं का हे पाहायचं तर ते उपयोगाचं आहे का, इतरांकडे दुर्मीळ आहे का, त्याची नक्कल करणं अवघड आहे का, हे विचारायचं. त्याचा फायदा उचलण्याइतकी संस्था सज्ज आहे का, हा प्रश्न त्यांनी नंतर जोडला. तीन केंद्रांच्या इमारती उपयोगाच्या आहेत, दुर्मीळ नाहीत. वर्कशॉपवाल्यांशी वर्षानुवर्षांचा विश्वास उपयोगाचा आहे, दुर्मीळ आहे आणि पैसे देऊन विकत घेता येत नाही. पण शेवटच्या प्रश्नाला तुमची संस्था अडखळेल. तो विश्वास एका माणसाच्या फोनमध्ये आहे. ते उद्या निघून गेले तर संस्थेकडे नंबरसुद्धा राहणार नाहीत. म्हणून तुम्हाला तो कुठे बसवायचा ते कळलं नाही, यात नवल नाही. हे तुमचं सर्वांत मोठं बलस्थान आहे आणि ते संस्थेच्या मालकीचं नाही. दोन्ही वाक्यं लिहा, एकाखाली एक.

याद्या एकमेकींना भिडवा

चार चौकटी भरणं हा निम्माच टप्पा आहे. हाइन्झ वाइरिख या अभ्यासकांनी १९८२ मध्ये यावर एक तक्ता सुचवला. बाहेरच्या गोष्टी एका बाजूला, आतल्या दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक जोडीपाशी थांबून विचारायचं: या दोन गोष्टी एकत्र आल्या तर आपण काय करू शकतो? किंवा, आपलं काय होऊ शकतं? माझ्या मते आराखडा इथे जन्माला येतो, फ्लिपचार्टवर नाही.

नुसती यादी बरोबर असून भागत नाही, हे फोटोची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्या उदाहरणातून दिसतं. डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये तयार केला होता. धोका त्यांना परका नव्हता. तरीही जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. जपानच्या फुजीफिल्मसमोरही तेच संकट होतं. २००० च्या सुमाराला रंगीत फिल्मची मागणी शिखरावर होती, नंतर ती वेगाने कोसळली. फुजीने आपल्याकडे फिल्म सोडून आणखी काय आहे ते तपासलं. फिल्म बनवताना कोलॅजन या त्वचेतही असणाऱ्या प्रथिनाचं, रंग उडू नये म्हणून ऑक्सिडीकरण रोखण्याचं आणि अतिशय पातळ थर एकसारखे पसरवण्याचं ज्ञान त्यांच्याकडे साठलं होतं. त्यातून एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्मचा व्यवसाय वाढला आणि २००७ मध्ये त्वचेच्या प्रसाधनांची मालिकाही बाजारात आली. कोडॅकच्या घसरणीची कारणं अनेक आहेत, ती एका तक्त्यात मावणार नाहीत. पण फुजीने 'आपण फिल्म विकतो' इथे न थांबता 'आपल्याला काय येतं' हे विचारलं आणि ते नव्या बाजारांसमोर ठेवून पाहिलं, एवढं नक्की म्हणता येतं.

तुमच्याकडे हे कसं दिसेल? देणगीदार जाण्याचा धोका आणि वर्कशॉपवाल्यांशी असलेलं नातं समोरासमोर ठेवा. ज्यांना दर वर्षी तयार माणसं मिळतात, ते प्रशिक्षणाच्या खर्चाचा काही वाटा उचलतील का? साधनं देतील का? मुलांना शेवटचा महिना स्वतःकडे ठेवून शिकवतील का? मला माहीत नाही आणि तुम्हालाही आज माहीत नसेल. पण अहवाल द्यायला महिना आहे. समन्वयकांना सोबत घेऊन चार-पाच मालकांना भेटा आणि विचारा. त्या भेटींतून आलेलं एक पान ६४ मुद्द्यांपेक्षा भारी असेल. सोलर की विजेवरच्या गाड्या, नवा कोर्स कुठला, हेही तिथेच कळेल.

एसीचे प्रशिक्षक टिकत नाहीत आणि थिअरी ऑनलाइन मिळते, ही दुसरी जोडी. थिअरीचे तास तयार व्हिडिओंवर सोपवले तर आहेत तेवढ्या प्रशिक्षकांचे सगळे तास प्रात्यक्षिकाला मिळतात. कमी माणसांत तोच कोर्स चालू शकतो आणि जे राहतील त्यांना थोडा जास्त पगारही देता येईल.

तिसरी जोडी सर्वांत गंभीर आहे. निर्णयांना होणारा उशीर आणि देणगीदाराचा संपणारा करार. नवा देणगीदार शोधायचा म्हणजे अर्जाला मुदत असणार, प्रस्तावात बदल मागितले जाणार, त्यांना आठवड्याभरात उत्तर हवं असणार. नव्या कोर्सचा प्रस्ताव जिथे महिनोन्‌महिने थांबतो, तिथे अशा दोन-तीन मुदती सहज हुकतील. एरवी हा उशीर चालून जायचा, कारण पैसा येत होता. आता तो चालणार नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या जोडीत आहे, त्याकडे येतेच.

मुद्द्यांना गुण द्यावेत का, असं कोणी सुचवेल. कुठला धोका जास्त शक्यतेचा आणि कुठला जास्त नुकसानीचा एवढं हात वर करून ठरवलं तरी पुरे. ३.७ आणि ३.४ असे दशांशातले गुण काढण्यात वेळ घालवू नका. त्यामागे मोजमाप नसतं, नुसता आव असतो. प्रत्येक चौकटीत तीन-चार मुद्दे उरले की थांबा.

पुन्हा बसाल तेव्हा

दुसरी बैठक घ्यावीच लागेल, पण लहान घ्या. सुरुवातीची वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापले मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहायचे, नाव न घालता. मग एकेक चिठ्ठी वाचून फळ्यावर घ्यायची आणि चर्चा त्यानंतर. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन दे व्हेन या अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवलेली ही रीत आहे. ती साधी आहे, पण तिच्यामुळे पहिला बोलणारा किंवा सर्वांत मोठ्या पदावरचा माणूस बाकीच्यांचं मत ठरवत नाही. तुमच्या चार्टसमोर सगळे गप्प बसले ते घाबरट आहेत म्हणून नाही. उघड्यावर, आपल्या अक्षरात, सरांच्या देखत लिहायची सोयच अशी होती की गप्प बसणं शहाणपणाचं ठरावं.

चिठ्ठ्यांसाठी प्रश्नही बदला. 'आपल्या उणिवा कोणत्या?' असं विचारू नका. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक कल्पना वापरा: तीन वर्षं उलटली आहेत, आपला आराखडा पार फसला आहे, तो का फसला ते लिहा. अपयश घडलंच आहे असं धरल्यावर माणसं कारणं मोकळेपणाने सांगतात, कारण आता ती कोणावर टीका राहत नाही, तो अंदाज होतो. 'वेळेत निर्णय झाले नाहीत' हे किती चिठ्ठ्यांवर येतं ते बघा.

बाहेरच्यांनाही विचारा. संस्था सोडून गेलेले दोन प्रशिक्षक, काही माजी विद्यार्थी आणि देणगीदाराकडचा तुमचा संपर्क. देणगीदाराला तर आजच विचारायला हवं की पुढच्या वर्षी त्यांचा विचार काय आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर एका फोनवर मिळू शकतं, तो 'संभाव्य धोका' म्हणून अहवालात ठेवू नये.

सरांबद्दल

लिहा. पण अहवालात लिहिण्याआधी सरांना सांगा, समोर बसून, एकट्याने. कार्यकारिणीच्या बैठकीत हे पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडलं तर ते मुद्द्याला उत्तर देणार नाहीत, अपमानाला देतील. ज्याने वीस वर्षं ही संस्था वाढवली त्याला असं चारचौघांत गाठणं बरंही नाही.

जाताना मतं नेऊ नका, तारखा न्या. गेल्या वर्षभरातले चार-पाच प्रस्ताव घ्या: नव्या कोर्सचा, एखाद्या खरेदीचा, एखाद्या नेमणुकीचा. प्रत्येकाचा कागद कधी गेला, निर्णय कधी आला आणि मधल्या काळात काय हुकलं, एवढंच एका पानावर. 'सर निर्णय अडवतात' हे वाक्य माणसाबद्दल आहे. 'प्रस्तावाला मंजुरी मिळायला सरासरी इतके आठवडे लागतात, कारण सगळ्या मंजुऱ्या एका टेबलावरून जातात' हे व्यवस्थेबद्दल आहे. ते खरंही जास्त आहे. तुम्ही सगळे जण प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे पाठवता, यातही संस्थेची सवय आहे. जिथे स्वतः ठरवता आलं असतं तिथेही तुम्ही विचारायला गेला असाल, तर तो उशीर एकट्या सरांचा नाही.

बोलायला सुरुवात देणगीदारापासून करा. 'सर, करार संपतोय. पुढच्या वर्षभरात आपल्याला नवे प्रस्ताव पाठवावे लागतील आणि त्यांना मुदती असतील. आपला आजचा वेग पाहिला तर त्या हुकतील अशी मला भीती वाटते. ठरावीक रकमेपर्यंतचे खर्च केंद्रप्रमुखांनी आणि देणगीच्या अर्जांतले बदल मी मंजूर करायचे, असं ठरवता येईल का? मोठं सगळं तुमच्याकडेच राहील आणि मी दर आठवड्याला काय मंजूर झालं ते कळवत जाईन.' यात तक्रार नाही, मागणी नेमकी आहे आणि त्यांना देता येईल एवढीच आहे. सगळे अधिकार सोडा असं कोणी म्हटलं तर कुठलाही संस्थापक नाही म्हणेल. सहा महिने करून बघू, असं म्हटलं तर बरेच जण हो म्हणतात. माझा अनुभव असा, की अशा माणसांना उशीर होतोय हे माहीत असतं. हातातून काही निसटलं आणि चुकलं तर काय, याची त्यांना काळजी असते, आणि आठवड्याच्या अहवालाने ती बरीच कमी होते.

ते हो म्हणाले तर अहवालात हा मुद्दा उणीव म्हणून जाईलच, पण त्याच्यापुढे उपायही लिहिलेला असेल, आणि तो सरांनीच मांडावा अशी विनंती करा. ते चिडले तर वाद घालू नका. पान त्यांच्याकडे ठेवून या, त्यांना आठवडा द्या आणि पुन्हा भेटा. म्हणून ही भेट अहवालाच्या आदल्या दिवशी नको, या आठवड्यातच घ्या. दुसऱ्यांदाही नकार आला तर 'मंजुरीला लागणारा वेळ' या मथळ्याखाली तारखा जशाच्या तशा अहवालात ठेवा, नाव आणि शेरा न घालता, आणि असं करणार आहात हे सरांना आधी सांगा. कार्यकारिणीत ज्यांचं सर ऐकतात असे कोणी ज्येष्ठ सदस्य असतील, तर सरांच्या माहितीने त्यांनाही ते पान दाखवा. तारखा ठेवायच्या की काढायच्या यावर तडजोड करू नका. त्या काढल्या तर आराखड्यातली प्रत्येक मुदत अशा वेगावर बेतलेली असेल, जो तुमच्या संस्थेकडे नाही.